स्वतःच्या गावाबद्दल बोलायचं नाही

४ फेब्रुवारी, सोमवार

नवी सीईओ आली. इमेल्डा फरुजिया. मेलबर्नची. आईवडील माल्टाहून आलेले, हे तिनेच सांगून टाकलं, कुणी विचारायच्या आत. चाळिशीची असेल. पायात पांढरे बूट! फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात, आमच्या मिंडारा गावात, पांढरे बूट. दुपारपर्यंत त्यांचा रंग आमच्या धुळीचा झाला होता.

मी या हॉस्पिटलची मेट्रन. आलेले सीईओ पाहिलेत, गेलेलेही पाहिलेत. पहिल्या दिवशी सगळे मीटिंग घेतात आणि भिंतीवर काहीतरी सुविचार लावतात. या बाईने तसलं काही केलं नाही. थेट बाळंतपणाच्या वॉर्डात आली, रिकाम्या पलंगावर टेकली आणि मला म्हणाली, "इथे न येणाऱ्या बायका कुठे जातात?"

म्हटलं, कुरविलला. अजून कुठे जाणार? अर्ध्या तासावर तर आहे मेलं. त्यांचं ऑपरेशन थिएटर कोरं करकरीत, आमचं माझ्या लग्नाच्या वेळचं.

"त्या कुरविलला जातात हे तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं म्हणजे काय! सगळ्या गावाला माहीत आहे. आमची फुटबॉल टीम त्यांच्याकडून फायनल हरल्यापासून माहीत आहे.

घरी येऊन बेव्हनला सांगितलं, ही काही टिकत नाही. तो म्हणाला, "हं, बघू." एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं हेच सर्वांत लांब वाक्य आहे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

ती इतके दिवस खोलीचं दार लावून काय करत होती ते आज कळलं. फोन! आपल्याकडे पहिल्या तपासणीला आलेल्या आणि परत न फिरकलेल्या प्रत्येक बाईला तिने स्वतः फोन केला. ऑफिसातल्या मुलींना लावलं नाही, स्वतः केला. मुलांच्या झोपेच्या वेळा विचारून केला.

कुरविलला गेलेल्या थोड्याच निघाल्या. बाकी सगळ्या थेट बॅलारट शहरात. दोन तास गाडी हाकत! आणि कुरविलच्या बायकाही तेच करतात म्हणे.

"डेल, तुम्ही आणि कुरविलवाले एकमेकांच्या ताटात डोकावत बसलात. गिऱ्हाईक हमरस्त्याने निघून गेलं."

मला सांगते हे! मला! मी गेली कित्येक वर्षं कुरविलच्या नावाने खडे फोडतेय, आणि एकदाही फोन उचलून विचारलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट बातमी. दोन गावांत मिळून बाळंतपणाचा एकच वॉर्ड ठेवायचा असं वरून आलंय. आम्ही किंवा कुरविल. मेच्या शेवटी मेलबर्नहून समिती येणार, दोन्ही गावांत जाहीर सभा घेणार, लोकांचं ऐकणार आणि मग ठरवणार.

बोर्डाच्या अध्यक्षांनी हे सांगितलं तेव्हा सगळे इमेल्डाकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. पेट्रोल पंपावरचा पोरगा, बेकरीवाली, शाळेतले निम्मे मास्तर – सगळे माझ्या हातात पहिल्यांदा रडलेत. हा वॉर्ड गेला तर या गावात पुन्हा कुणी जन्मालाच येणार नाही. मरायला मात्र आम्ही चालू.

५ मार्च, मंगळवार

कुरविलच्या वॉरिक हॉकिंगने आमच्या गावाच्या वेशीवर मोठी पाटी लावली. हसरं बाळ, खाली त्यांच्या हॉस्पिटलचं नाव. आमच्या वेशीवर! नाकावर टिच्चून!

८ मार्च, शुक्रवार

वॉरिकबद्दल लिहायलाच हवं. कुरविलचा सीईओ. एके काळी त्यांच्या टीमचा कप्तान, अजूनही चालतो तसाच, खांदे पुढे काढून. त्याने आमच्या मेन स्ट्रीटवर, बेकरीला लागूनच, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी सल्ल्याची खोली उघडली. आतमध्ये आरामखुर्च्या, पंखा, चहा. आमच्याच बायका तिथे जाऊन बसतात आणि बाहेर पडताना कुरविलची पिशवी घेऊन येतात. डोकं फिरलं माझं. पण खोटं कशाला लिहू, डोकेबाज आहे माणूस. ही खोली आपण का नाही काढली?

इमेल्डा गेली, तिथे बसून चहा प्यायली, त्या सिस्टरशी गप्पा मारून आली. म्हणाली खुर्च्या चांगल्या आहेत.

१४ मार्च, गुरुवार

आज जे पाहिलं त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. गुरुवारी संध्याकाळी नेटबॉलचा सराव असतो. पोरीबाळी, आया, पोटुशा बायका, सगळ्या मैदानावर असतातच. इमेल्डाने क्लबची कपडे बदलायची खोली मागून घेतली, पडदे लावले, तपासणीचं टेबल आणलं आणि मला तिथे बसवलं. वर म्हणते, बायका दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखाना नेटबॉलला येईल.

मी कुरकुर केली. भिंतीला मोज्यांचा वास येतो, असं म्हटलं. पण रांग लागली! ज्यांना मी महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं त्या, घामाने निथळत, ब्लडप्रेशर बघ म्हणून दंड पुढे करतायत. एकीने तर जाता जाता सांगितलं की तिने बॅलारटच्या हॉस्पिटलातलं नाव काढून टाकलंय.

परत येताना गाडीत इमेल्डाकडे चोरून पाहिलं. बूट आता साधे आहेत, तपकिरी. ही बाई हुशार आहे. लिहून टाकते एकदा.

२८ मार्च, गुरुवार

वॉरिकने कुरविलच्या मैदानावर तेच सुरू केलं. तस्संच! पडदेसुद्धा त्याच रंगाचे. मी तणतणत इमेल्डाकडे गेले. ती चक्क खूश झाली. म्हणाली, छान, म्हणजे तिकडच्याही बायका हमरस्त्याला लागणार नाहीत. मला हिचं कधी कधी कळत नाही. स्पर्धा आहे की नाही?

१३ एप्रिल, शनिवार

आज आणि उद्या वॉर्ड बंद. आमचे डॉक्टर आजारी. कुरविलचे भूलतज्ज्ञ रजेवर, त्यामुळे त्यांचाही बंद. दोन गावं, दोन वॉर्ड, आणि दोन्हीकडे कुलूप.

१४ एप्रिल, रविवार

टीगन स्काइअरला पहाटे कळा सुरू झाल्या. दिलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीच. नवऱ्याने गाडी बॅलारटच्या रस्त्याला घातली. धान्याच्या सायलोंच्या पुढे कुठेतरी रस्त्याकडेला बाळ झालं. बेव्हन बियाणं घेऊन येत होता, त्याला त्यांची गाडी दिसली.

घरी आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग अंगणातल्या नळावर बराच वेळ हात धूत राहिला. मी विचारलं, कसं काय झालं रे? तर म्हणतो, झालं नीट.

मी घरीच होते. झोपले होते. शुक्रवारी लागोपाठ दोन पाळ्या काढल्या होत्या.

२३ एप्रिल, मंगळवार

इमेल्डा ईस्टरला मेलबर्नला गेली होती, आज परत आली. चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाली आईकडे फार खाणं झालं.

१६ मे, गुरुवार

सभेची तयारी. इमेल्डाने सगळं बारकाईने बसवलंय. कोण बोलणार, कुणानंतर कोण. हुकमाचा पत्ता टीगन. रस्त्याकडेला बाळंत झालेली बाई समोर उभी राहून बोलली की समितीची बोलती बंद, असा तिचा अंदाज. मलाही पटलं. टीगन तयार झाली. म्हणाली, बोलेन की, त्यात काय.

त्यात काय, असं ती म्हणाली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

२८ मे, मंगळवार

वाटोळं झालं.

हॉल भरलेला. लॅमिंग्टनचे केक, चहा, सगळं शिस्तीत. समितीची अध्यक्ष हार्ग्रीव्ह नावाची बाई, मऊ आवाजाची, ऐकून घेणारी. टीगन बाळाला घेऊन पुढे गेली. हार्ग्रीव्हबाईंनी विचारलं, तो अनुभव फारच भयंकर असेल ना?

टीगन म्हणाली, "नाही हो. निभावलं आम्ही. गाडीत टॉवेल होता."

हॉल हसला. टीगनही हसली. समितीतले तिघेही हसले आणि मग तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतर जो उठला तो तसाच. म्हातारा ऑली नुस्के म्हणाला, बॅलारट काही लांब नाही, रेडिओ लावला की कळत पण नाही. बेकरीवाली म्हणाली, आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी लोक आहेत. एक जण म्हणाला, दुष्काळात आम्ही याहून वाईट दिवस काढले. प्रत्येक जण असं बोलून अभिमानाने खाली बसत होता. आमच्याकडे हीच रीत. पाय मोडलेला माणूसही म्हणणार, जरा लंगडतोय. स्वतःचं दुःख चारचौघांत मांडलं की लाज गेली.

मग हार्ग्रीव्हबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मेट्रन, कर्मचाऱ्यांवर ताण किती आहे?

मी! या वहीत पानंच्या पानं कुरकुर करणारी मी! उभी राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "चाललंय. तक्रार नाही."

२९ मे, बुधवार

इमेल्डा आज कुणावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी वॉर्डात आली आणि त्याच पलंगावर बसली. म्हणाली, मी माल्टाच्या बायकांत वाढले, आमच्याकडे सर्दी झाली तरी शेजारपाजार रडायला गोळा होतो. हे मला आधी कळायला हवं होतं, चूक माझी आहे. 

मग एकदम विचारलं, "डेल, तू स्वतःसाठी तोंड उघडत नाहीस. कुणासाठी उघडतेस?"

म्हटलं, पेशंटसाठी उघडते. पेशंटसाठी डॉक्टरांच्याही अंगावर जाते.

"आणि टीगन?"

टीगन? टीगन तिच्या शेजारणीच्या मेंढ्यांसाठी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन टेबल बडवून आलीय. इथले सगळे तसेच. स्वतःचं छप्पर उडालं तर ताडपत्री टाकतील. शेजाऱ्याचं उडालं तर अख्खं गाव शिडी घेऊन हजर.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

१ जून, शनिवार

आज आमची मॅच कुरविलशी, आमच्या मैदानावर. कँटीनवर माझी पाळी. इमेल्डाने स्वतःचं नाव माझ्याबरोबर घालून घेतलं. मीट पाय, म्हणजे आमचे खिम्याचे पॅटिस, गरम करायला लावले आणि वॉरिक हॉकिंगला बोलावून आणलं. कँटीनच्या आत! कुरविलचा माणूस आमच्या कँटीनच्या आत! बायका सॉसच्या बाटल्या हातात धरून बघतच राहिल्या.

दोघं मागच्या फ्रीजपाशी उभे. मध्यंतर झालेलं, समोर गर्दी, मला काही ऐकू येईना. एवढं दिसलं की तो आधी हसत होता. मग हसणं थांबलं. मग त्याने हातातला मीट पाय न खाता ठेवून दिला. इमेल्डा हळूहळू बोलत होती, हात न हलवता, आणि ती तर हात हलवल्याशिवाय वेळही सांगत नाही. शेवटी त्याने मान हलवली आणि तिच्याशी हात मिळवला.

तो गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि सांगितलं. मंगळवारची कुरविलची सभा सगळ्या पंचक्रोशीला खुली आहे. आपण सगळे जायचं. आणि नियम एकच: स्वतःबद्दल बोलायचं नाही, स्वतःच्या गावाबद्दल बोलायचं नाही. मिंडाऱ्याने कुरविलबद्दल बोलायचं, कुरविलने मिंडाऱ्याबद्दल. आपल्यापैकीच कुणाबद्दल बोलायचं झालं तर शेजाऱ्याबद्दल.

 कसं सुचतं हिला! आमचा अवगुण ओळखला, आणि तो घालवायच्या भानगडीत न पडता त्यालाच कामाला लावलं. इतक्या वर्षांत मी असं डोकं चालवलेलं पाहिलं नाही. आपल्या विरोधात असलेल्या माणसाशी फ्रीजपाशी उभं राहून! मॅच आम्ही हरलो. मला त्याचं काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

३ जून, सोमवार

लोक ऐकेनात. ऑली म्हणाला, कुरविलसाठी बोलण्यापेक्षा जीभ कापून देईन. बेकरीवालीने विचारलं, ही बाई नक्की कुणाच्या बाजूची? मी दारोदार फिरले. शेवटी सगळ्यांना एकच सांगितलं: तुझ्या शेजारणीने काय सोसलंय ते तुला माहीत आहे ना? मग चल आणि तेवढं सांग.

५ जून, बुधवार

काल रात्री जेवण गेलं नाही, लिहिणंही झालं नाही. आज लिहिते, जसं आठवतंय तसं.

कुरविलचा हॉल आमच्यापेक्षा मोठा आहे. असो. आमच्या गाड्या आल्या तेव्हा तिकडचे लोक दारात उभे होते. कुणी हसलं नाही, पण खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

पहिला उठला वॉरिक. सीईओ, कप्तान, पाटी लावणारा. उठला आणि मिंडाऱ्याबद्दल बोलला. आमच्या नेटबॉलच्या खोलीतल्या तपासणीबद्दल. म्हणाला, ती कल्पना मी चोरली, कारण इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. भर सभेत! स्वतःच्या गावात! मान खाली न घालता.

 मग माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बेव्हन उठला.

मला वाटलं बाहेर चाललाय. तो उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि बोलायला लागला. टीगनबद्दल. म्हणाला, ती सांगते टॉवेल होता. टॉवेल होता, पण नाळ बाळाच्या मानेभोवती होती. बाळ निळं होतं. तिचा नवरा फोन हातात घेऊन रस्त्यात उभा होता, आणि रेंज नव्हती, आणि तो ज्या आवाजात तिला हाका मारत होता तो आवाज मला परत ऐकायचा नाही. नाळ मी सोडवली. मेंढ्यांची सोडवतो तशी, कारण मला दुसरं येत नाही. बाळ रडायला लागलं तोपर्यंत माझा धीर सुटला होता. ही पोरगी हसून सांगते, तिला सांगू द्या, तिचा स्वभाव आहे. पण ती खोटं सांगते.

एवढं बोलून बसला. माझा बेव्हन. अंगणातल्या नळावर हात धुणारा. इतके दिवस एका घरात, एका ताटापाशी, आणि मला त्याने हे सांगितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. चारचौघांत धरला.

टीगन रडत होती. रडत रडतच उठली आणि माझ्याबद्दल बोलली! म्हणाली, डेल सांगते तक्रार नाही. हॉस्पिटलच्या आवारात मी तिला गाडीत झोपलेलं पाहिलंय, कारण दोन पाळ्यांनंतर घरापर्यंत गाडी चालवायची तिची ताकद नसते. तिचे हात थरथरतात. ती ते खिशात घालून ठेवते. जमिनीने मला पोटात घ्यावं असं झालं. पण तिचा एकेक शब्द खरा होता.

मग थांबायलाच तयार नाहीत लोक! कुरविलच्या बायका आमच्या बायकांबद्दल, आमच्या त्यांच्याबद्दल. ऑली नुस्के, जीभ कापून देणारा, उठून म्हणाला की कुरविलची म्हातारी सिस्टर ब्रॉन्विन गेल्या हिवाळ्यात पायाला प्लास्टर असताना बाळंतपणं करत होती, आणि तिला कुणीतरी सुट्टी द्या रे. हार्ग्रीव्हबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

शेवटी इमेल्डाने माझ्याकडे पाहिलं. नियम मलाही लागू. उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, यांचं थिएटर चांगलं आहे. रक्त ठेवायची सोय आहे, आमच्याकडे नाही. माझ्या स्वतःच्या मुलीला कळा सुरू झाल्या आणि बाळ आडवं असलं, तर मी तिला कुरविलला आणेन. आणि गाडी जोरात चालवेन.

आमच्या लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. खरं होतं ते बोलले.

परत येताना बेव्हन गाडी चालवत होता. मी म्हटलं, एवढं बोलता येतं तुला. तो म्हणाला, "हं."

१९ जून, बुधवार

काही खबर नाही. गुरुवारची रांग वाढतच चाललीय.

८ जुलै, सोमवार

अजून नाही. इमेल्डा म्हणते वाट बघू. तिच्याकडे बघितलं की मला धीर येतो. आमचे इतके सीईओ झाले, हिच्यासारखी एक झाली नाही. बोर्डाला सांगून हिला इथेच घर बांधायला लावलं पाहिजे.

२५ जुलै, गुरुवार

वॉर्ड कुरविलला राहणार. आमचा सप्टेंबरपासून बंद. दोन्ही हॉस्पिटलांचा कारभार एक, सीईओ वॉरिक. इमेल्डाची जागा रद्द.

हार्ग्रीव्हबाई स्वतः आल्या होत्या सांगायला. चांगली बाई आहे. निर्णय कशावरून झाला ते सांगताना माझंच वाक्य बोलून दाखवलं. बाळ आडवं असेल तर मी मुलीला कुरविलला आणेन.

माझंच तोंड!

२६ जुलै, शुक्रवार

सकाळी इमेल्डाच्या खोलीत गेले. म्हटलं, तुला माहीत होतं मी काय बोलणार. ती म्हणाली, तू खरं बोलशील एवढं माहीत होतं. म्हटलं, तुझं गाव नव्हतं हे, म्हणून जमलं तुला.  मला ती काहीतरी बोलायला हवी होती.

बेकरीवाली आज मला पाव देताना बोलली नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

इमेल्डा मेलबर्नला परत चालली, तिचा निरोप समारंभ होता, नर्सेसच्या खोलीत. केक वगैरे. मी गेले नाही. कपाटं आवरायची होती.

१ सप्टेंबर, रविवार

कुरविलमध्ये पहिली पाळी. टीगनच्या जावेला मुलगा झाला. बाळ आडवं होतं, थिएटरमध्ये न्यावं लागलं. आमच्या जुन्या थिएटरात काय झालं असतं ते मला माहीत आहे. आई बरी, मुलगा बरा. सिस्टर ब्रॉन्विन आणि मी दोघीच होतो, आणि दोघींचे मिळून चार हात पुरले.

नंतर वॉरिक चहा घेऊन आला. म्हणाला, तिने सांगू नको म्हटलं होतं, पण तू तिच्याशी बोलत नाहीस हे माझ्याने बघवत नाही. समिती यायच्या आधीच दोन्ही वॉर्ड बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. सगळ्या बायका बॅलारटला. सभा नुसत्या नावाला. तिला ईस्टरमध्येच मेलबर्नला कळलं. त्या दिवशी कँटीनमध्ये तिने मला सांगितलं की दोन मागितले तर दोन्ही जातील, दोन्ही गावांनी मिळून एक मागितला तर एक वाचेल. मी विचारलं, कुणाचा? म्हणाली, तुझा, थिएटर तुझ्याकडे आहे. विचारलं, आणि तुझी नोकरी? त्याचं तिने उत्तर दिलं नाही.

मी वॉरिकला विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही तिथे येऊन सौदा केला असता. असं बोलला नसता.

निरोपाला गेले नाही मी. तो केक, ती रिकामी खोली, आणि मी कपाटं आवरत होते!

बेव्हनला आल्या आल्या सांगितलं, सगळं, एका दमात. त्याने ऐकून घेतलं आणि किल्ली उचलली. "चल. मेलबर्नला जेवायच्या वेळेला पोचू."